सेल्सिअस, फॅरनहाइट, केल्विन : तापमानाचं रूपांतर न चुकता कसं करावं

सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं, ही तापमानाच्या रूपांतरातली नेहमीची अडचण आहे. एक उदाहरण घ्या. जगाच्या सरासरी तापमानातली वाढ १.५ अंश सेल्सिअसपर्यंत रोखण्याचा प्रयत्न करायचा, असं २०१५ च्या पॅरिस करारात म्हटलं आहे. आता ही वाढ फॅरनहाइटमध्ये किती? सूत्र लावणारा म्हणतो : १.५ गुणिले १.८ म्हणजे २.७, त्यात ३२ मिळवले, झाले ३४.७ अंश. आकडेमोडीत कुठेही चूक नाही, तरी उत्तर साफ चुकलं. बरोबर उत्तर २.७ आहे.

कोणत्याही दोन तापमापन श्रेणी दोन बाबतींत वेगळ्या असू शकतात. पहिली बाब म्हणजे शून्य कुठे मांडलं आहे, आणि दुसरी म्हणजे एक अंश केवढा आहे. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही बाबतींत वेगळ्या आहेत. सेल्सिअस आणि केल्विन यांचा अंश सारखाच, फक्त शून्य वेगळं. खाली दिलेल्या बहुतेक सगळ्या चुका या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात. म्हणून सूत्राला हात लावण्याआधी दोन पायऱ्या पार करायच्या आहेत.

पायरी १ : आकडा कशाचा आहे ते ठरवा

समोरचा आकडा तीनपैकी एका प्रकारचा असतो.

प्रत्यक्ष तापमान : 'पाणी ६० अंशांवर आहे.' इथे शून्याची जागाही बदलायची आणि अंशाचा आकारही.

तापमानातला फरक : 'पाणी ६० अंशांनी तापलं.' इथे फक्त अंशाचा आकार बदलायचा. शून्याचा संबंधच नाही, म्हणून ३२ किंवा (केल्विनसाठी मिळवायचे) २७३.१५ कुठेही येत नाहीत.

प्रति अंश दर : 'दर अंशाला इतकी वाढ.' इथे अंश भाजकात आहे, म्हणून फरकाच्या नेमकं उलट करायचं.

'अंशांवर' आणि 'अंशांनी' यांतला फरक डोळ्यांत तेल घालून वाचा. 'वाढ', 'घट', 'तफावत', 'चढउतार', 'पेक्षा जास्त' असे शब्द दिसले की आकडा फरकाचा आहे. अधिक-वजा चिन्हासोबत आलेला आकडाही फरकाचाच. एखाद्या उपकरणाची अचूकता ±२ अंश सेल्सिअस असेल तर ती ±३.६ अंश फॅरनहाइट होते. ती ±३५.६ लिहिली तर ते उपकरण निकामी ठरेल.

सावधान : दिव्याच्या खोक्यावर २७०० केल्विन किंवा ६५०० केल्विन असं छापलेलं असतं. तो आकडा प्रकाशाची रंगछटा सांगतो, दिवा किती तापतो ते सांगत नाही. त्याचं सेल्सिअसमध्ये रूपांतर करून काहीच हाती लागत नाही.

पायरी २ : मूळ एकक पक्कं करा

नुसतं 'अंश' लिहिलेलं असेल तर अंदाजाने पुढे जाऊ नका. काही ठिकाणी आकडा स्वतःच एकक सांगतो. माणसाचा ताप १०१ असेल तर तो फॅरनहाइटच, कारण जिवंत शरीराचं तापमान साधारण ३५ ते ४२ सेल्सिअस, म्हणजेच ९५ ते १०८ फॅरनहाइट या पट्ट्यात असतं. हे दोन पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत, त्यामुळे तापाच्या बाबतीत गोंधळ व्हायला जागा नाही.

हवेचं मात्र तसं नाही. '४० अंश' म्हणजे अंगाची लाही करणारं ऊनही असू शकतं आणि थंडीचा दिवसही. ४० फॅरनहाइट म्हणजे जेमतेम ४.४ सेल्सिअस. अशा वेळी आजूबाजूचा मजकूर पाहा, महिना पाहा, आणि तरी उलगडा झाला नाही तर ज्याने आकडा दिला त्याला विचारा.

डिजिटल तापमापकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एककाचं बारीक अक्षर असतं. बटण चुकून जास्त वेळ दाबलं गेलं तर अनेक उपकरणांत एकक बदलतं. आकडा टिपण्याआधी ते अक्षर बघायची सवय लावा आणि वहीत आकड्याशेजारी एकक लिहा. वरच्या ओळीत एकदा लिहिलं म्हणून खाली सोडून देऊ नका.

जुन्या पुस्तकांत रेओम्यूर ही श्रेणी भेटते. तिच्यात पाणी ० अंशाला गोठतं आणि ८० अंशांना उकळतं, म्हणून रेओम्यूरच्या आकड्याला ५ ने गुणून ४ ने भागलं की सेल्सिअस मिळतं. अभियांत्रिकीच्या काही अमेरिकी तक्त्यांत रँकिन ही श्रेणी असते, ती पाचव्या पायरीत येईल.

पायरी ३ : क्रम पाळून सूत्र लावा

फॅरनहाइट = (सेल्सिअस × ९ ÷ ५) + ३२

सेल्सिअस = (फॅरनहाइट − ३२) × ५ ÷ ९

पहिल्यात आधी गुणाकार, मग बेरीज. दुसऱ्यात आधी वजाबाकी, मग गुणाकार. हा क्रम उलटा का होतो ते समजून घेतलं की घोकावं लागत नाही. सेल्सिअसकडून जाताना आपण आधी अंशाचा आकार बदलला आणि शेवटी शून्य सरकवलं. परत येताना शेवटचं काम आधी उलटवायचं, म्हणजे आधी शून्य जागेवर आणायचं आणि मग अंशाचा आकार बदलायचा.

१०१ अंश फॅरनहाइट ताप घेऊन एकदा संथपणे करून पाहू. १०१ मधून ३२ गेले, उरले ६९. ६९ गुणिले ५ म्हणजे ३४५. ३४५ भागिले ९ म्हणजे ३८.३३. ताप ३८.३ अंश सेल्सिअस.

आता हेच उलट्या क्रमाने केलं तर? १०१ गुणिले ५ भागिले ९ म्हणजे ५६.१, त्यातून ३२ गेले, उरले २४.१. चालत्याबोलत्या माणसाचं शरीर २४ अंशांवर नसतं, त्यामुळे ही चूक लगेच दिसते. खरा धोका हवामानाच्या आकड्यांत आहे. ५० अंश फॅरनहाइट म्हणजे बरोबर १० अंश सेल्सिअस. क्रम उलटा झाला तर उत्तर येतं वजा ४.२. हवेच्या बाबतीत दोन्ही आकडे पटण्यासारखे आहेत, म्हणून चूक तशीच पुढे जाते. दुसऱ्या दिशेलाही तेच : २० सेल्सिअस म्हणजे ६८ फॅरनहाइट, पण आधी ३२ मिळवून मग १.८ ने गुणलं तर ९३.६ येतात.

सावधान : साधा गणकयंत्र डावीकडून उजवीकडे हिशेब करतो, तर शास्त्रीय गणकयंत्र गुणाकार-भागाकार आधी करतो. शास्त्रीय यंत्रावर '१०१ − ३२ × ५ ÷ ९' असं सलग दाबलं तर ८३.२ येतं. कंस वापरा, किंवा ३२ वजा केल्यावर बरोबरचं बटण दाबून मगच पुढे जा. मोबाइलवरचे बरेचसे गणकयंत्र शास्त्रीय पद्धतीनेच चालतात.

क्रम लक्षातच राहत नसेल तर एक वेगळी वाट आहे, आणि मला ती शिकवायला जास्त सोपी वाटते. वजा ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच असतात. त्याचा उपयोग असा : आकडा कोणत्याही श्रेणीतला असो, आधी ४० मिळवा. फॅरनहाइटकडे जायचं असेल तर १.८ ने गुणा, सेल्सिअसकडे यायचं असेल तर १.८ ने भागा. शेवटी ४० वजा करा. २० सेल्सिअस : ६०, मग १०८, मग ६८. दोन्ही दिशांना पहिली आणि शेवटची कृती तीच राहते. ठरवायचं इतकंच की गुणायचं की भागायचं, आणि फॅरनहाइटचे अंश लहान असल्याने त्यांची संख्या जास्त भरते, एवढं आठवलं की तेही सुटतं.

पायरी ४ : शून्याखालचे आकडे

इथे सूत्र बदलत नाही, वजा चिन्ह मात्र हातातून निसटतं. नेहमी चुकणारी जागा एकच आहे. वजा १० फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना पहिली वजाबाकी म्हणजे वजा १० मधून आणखी ३२ जाणं. उत्तर वजा ४२. लोक घाईत वजा २२ लिहितात. वजा ४२ गुणिले ५ भागिले ९ म्हणजे वजा २३.३.

उलट दिशेला वजा ५ सेल्सिअस : वजा ९ अधिक ३२, म्हणजे अधिक २३. सेल्सिअसमध्ये वजा असलेलं तापमान फॅरनहाइटमध्ये अधिक येऊ शकतं. ही चूक समजून कुणी त्यापुढे वजा चिन्ह जोडू नये. फॅरनहाइटचं शून्य सेल्सिअसच्या वजा १७.८ वर आहे, म्हणून ० ते वजा १७.८ सेल्सिअस या पट्ट्यात चिन्हं वेगळीच राहणार.

ताळा : वजा १७.८ पेक्षा खालच्या प्रत्येक सेल्सिअस आकड्याचं फॅरनहाइट उत्तर वजाच यायला हवं. आणि वजा ४० च्या खाली फॅरनहाइटचा आकडा सेल्सिअसपेक्षाही खाली जातो. उदाहरणार्थ, वजा ८० सेल्सिअस म्हणजे वजा ११२ फॅरनहाइट.

पायरी ५ : केल्विन आणि रँकिन

केल्विन = सेल्सिअस + २७३.१५

रँकिन = फॅरनहाइट + ४५९.६७

दोन्हींचं शून्य निरपेक्ष शून्यावर, म्हणजे ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही त्या टोकावर आहे. केल्विनने सेल्सिअसचा अंश घेतला आहे, रँकिनने फॅरनहाइटचा. फॅरनहाइटवरून केल्विन हवं असेल तर ४५९.६७ मिळवून ५ ने गुणा आणि ९ ने भागा. २५ सेल्सिअस, ७७ फॅरनहाइट, २९८.१५ केल्विन आणि ५३६.६७ रँकिन हे एकच तापमान आहे. या चार आकड्यांवर आपली सगळी सूत्रं तपासून घेता येतात.

केल्विनसोबत 'अंश' लिहीत नाहीत. १९६७ पासून एककाचं नाव नुसतं 'केल्विन' आहे, म्हणून ३०० केल्विन असंच लिहायचं.

आता जिथे विद्यार्थी हमखास गुण गमावतात ती जागा. तापमानाचं गुणोत्तर काढायचं असेल, 'किती पट' असा प्रश्न असेल, किंवा वायूच्या नियमाच्या सूत्रात तापमान भरायचं असेल, तर आधी केल्विन करा. २० आणि ४० अंश सेल्सिअस ही दोन तापमानं घ्या. सेल्सिअसमध्ये भागाकार केला तर २ येतो. तीच तापमानं फॅरनहाइटमध्ये ६८ आणि १०४, भागाकार १.५३. केल्विनमध्ये २९३.१५ आणि ३१३.१५, भागाकार १.०६८. तापमानं तीच असताना तीन वेगळी गुणोत्तरं आली, कारण सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचं शून्य सोयीपुरतं मांडलेलं आहे. खरं गुणोत्तर तिसरं. घट्ट बंद भांड्यातली हवा २० वरून ४० अंशांवर नेली की तिचा निरपेक्ष दाब (निर्वाताला शून्य धरून मोजलेला) सुमारे ६.८ टक्क्यांनी वाढतो, दुप्पट होत नाही. '४० अंश म्हणजे २० च्या दुप्पट गरम' हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे.

ताळा : केल्विन किंवा रँकिनमध्ये उत्तर वजा आलं, किंवा सेल्सिअसमध्ये वजा २७३.१५ च्या खाली गेलं, तर पुढे काहीच करू नका. चूक मागेच झालेली आहे.

पायरी ६ : फरक आणि दर

फरकासाठी नियम दोनच. सेल्सिअसचा फरक आणि केल्विनचा फरक सारखाच असतो. सेल्सिअसचा फरक १.८ ने गुणला की फॅरनहाइटचा फरक मिळतो.

शंका आली तर दोन्ही टोकं वेगवेगळी रूपांतरित करून वजाबाकी करा. खोली २० वरून २५ सेल्सिअसवर गेली, म्हणजे ६८ वरून ७७ फॅरनहाइटवर. फरक ९. आणि ५ गुणिले १.८ सुद्धा ९. वजाबाकीत दोन्हींकडचे ३२ एकमेकांना खोडून टाकतात, म्हणून ते फरकात उरत नाहीत.

दराचं उलट. पोलादाचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर लांबी किती वाढते ते सांगणारा आकडा, प्रति अंश सेल्सिअस सुमारे दहा लाखांत १२ भाग असतो. फॅरनहाइटचा अंश लहान, म्हणून एका अंशाला होणारं प्रसरणही कमी : १२ भागिले १.८, म्हणजे दहा लाखांत सुमारे ६.७ भाग. १० मीटर लांब पोलादी पट्टी ३० सेल्सिअसने तापली तर ती सुमारे ३.६ मिलिमीटरने वाढेल. तोच फरक फॅरनहाइटमध्ये ५४ अंश आहे. या ५४ ला सेल्सिअसच्या प्रसरणांकाने गुणलं तर ६.५ मिलिमीटर येतात, म्हणजे प्रसरणासाठी जवळपास दुप्पट जागा सोडली जाईल. तक्ता वापरताना तापमान आणि दर यांचं एकक एकच आहे ना, हे दरवेळी बघा.

पायरी ७ : पूर्णांकन सगळ्यात शेवटी, आणि विचार करून

मधल्या पायरीत आकडे तोडू नका. शेवटी किती दशांश ठेवायचे हे मूळ आकड्यावरून ठरतं. 'साधारण २० अंश' याचं रूपांतर '६८.०० अंश' असं लिहिलं तर नसलेली अचूकता असल्यासारखी दिसते.

पण फार तोडणंही महागात पडतं. सेल्सिअसचा एक पूर्ण अंश फॅरनहाइटच्या १.८ अंशांएवढा मोठा आहे. ताप पूर्ण सेल्सिअस अंशात लिहायचा ठरवला तर ३७.५ पासून ३८.५ च्या अलीकडचं सगळं '३८' होतं. फॅरनहाइटमध्ये तो पट्टा ९९.५ पासून जवळपास १०१.३ पर्यंत पसरतो. किंचित कणकण आणि चांगला ताप या दोन्हींना एकच आकडा मिळाला! तापासाठी सेल्सिअसमध्ये एक दशांश स्थळ ठेवायलाच हवं.

मर्यादा रूपांतरित करताना नेहमीचा पूर्णांकनाचा नियम बाजूला ठेवा. २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं औषध घ्या. अचूक रूपांतर ३५.६ ते ४६.४ फॅरनहाइट. पूर्ण आकडे हवे असतील तर खालची मर्यादा वर न्या आणि वरची खाली आणा : ३६ ते ४६. इथे योगायोगाने नेहमीच्या नियमानेही हेच उत्तर येतं, पण दरवेळी येईल असं नाही. ३० अंश फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका, अशी सूचना असेल तर सेल्सिअस येतं वजा १.१. जवळचा पूर्णांक वजा १ आहे आणि तो सुरक्षित बाजूला आहे. पण तीच सूचना २९ फॅरनहाइटची असेल तर येतं वजा १.७, जवळचा पूर्णांक वजा २, आणि तो मर्यादेबाहेर जातो. तिथे वजा १ च लिहायचं.

सावधान : आधीच पूर्णांकन केलेला आकडा पुन्हा उलटा फिरवू नका. ओव्हनचं ३५० फॅरनहाइट म्हणजे १७६.७ सेल्सिअस. कुणी ते सोयीसाठी १८० केलं. दुसऱ्याने १८० चं ३५६ काढून ३६० लिहिलं. दोन फेऱ्यांत १० अंश वाढले. मूळ आकडा आणि मूळ एकक नेहमी जपून ठेवा.

पायरी ८ : तोंडी ताळा

'दुप्पट करा, ३० मिळवा' ही युक्ती फक्त १० सेल्सिअसला अचूक आहे. २५ ला ती ८० देते, खरं उत्तर ७७. बाहेर पडताना स्वेटर घ्यायचा का, एवढं ठरवायला चालेल. पण ३८ सेल्सिअस तापाला ती १०६ देते आणि खरं उत्तर १००.४ आहे. घरातल्यांची झोप उडवणारा हा फरक आहे. तापासाठी ही युक्ती कधीही वापरू नका.

तिच्याइतकीच सोपी आणि पूर्ण अचूक रीत अशी : दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग काढा, मग ३२ मिळवा. ३८ चे ७६, त्यातून ७.६ गेले, ६८.४, अधिक ३२, म्हणजे १००.४.

शिवाय काही जोड्यांत अंक उलटे होतात : ४ सेल्सिअस म्हणजे साधारण ४० फॅरनहाइट, १६ म्हणजे ६१, २८ म्हणजे ८२. अचूक आकडे ३९.२, ६०.८ आणि ८२.४ आहेत. आपलं उत्तर या खुणांच्या मधे योग्य जागी बसतं का, एवढं पाहिलं तरी उलटा क्रम आणि चुकलेलं चिन्ह बहुतेक वेळा पकडलं जातं.

पायरी ९ : संगणकाकडून करून घेताना

स्प्रेडशीटमध्ये सूत्र खाली ओढलं की रिकाम्या खान्याला संगणक शून्य समजतो. मग सेल्सिअसच्या रिकाम्या खान्यासमोर ३२ उमटतं आणि फॅरनहाइटच्या रिकाम्या खान्यासमोर वजा १७.७८. ही न घेतलेली वाचनं सरासरीत मिसळतात आणि सगळा निष्कर्ष बिघडतो. तक्त्यात वजा १७.७८ पुन्हा पुन्हा दिसलं की आधी मूळ स्तंभ रिकामा आहे का ते बघा. सूत्रातच 'खाना रिकामा असेल तर रिकामं ठेव' अशी अट घाला.

सी किंवा जावासारख्या संगणकाच्या भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच येतो. तिथे कंसात ५/९ लिहिलं तर त्याची किंमत ० होते आणि फॅरनहाइटचं प्रत्येक वाचन शून्य सेल्सिअस दाखवतं. कंसातल्या ९/५ ची किंमत १ होते, म्हणून २० सेल्सिअसचे ५२ फॅरनहाइट येतात. हे दुसरं जास्त घातक, कारण ५२ हा आकडा खपून जातो. ५.०/९.० आणि ९.०/५.० असं लिहा.

वाचनांची सरासरी आधी काढून रूपांतर केलं किंवा आधी रूपांतर करून सरासरी काढली, उत्तर एकच येतं. प्रमाण विचलन (वाचनं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते सांगणारा आकडा) मात्र फरकासारखं वागतं. त्याला फक्त १.८ ने गुणायचं, ३२ मिळवायचे नाहीत.

खरी माहिती भरण्याआधी सेल्सिअसच्या स्तंभात पाच ओळी घालून बघा : वजा ४०, शून्य, ३७, १००, आणि एक रिकामा खाना. समोर वजा ४०, ३२, ९८.६, २१२ यायला हवेत, आणि रिकाम्यासमोर काहीच नको.